फ्लॅश चिपमध्ये एक बाइट बदलायला अख्खा सेक्टर का पुसावा लागतो?

तुम्ही लिहिलंय की विनबाँडच्या डब्ल्यू२५क्यू६४ या फ्लॅश मेमरी चिपमध्ये (वीज गेली तरी डेटा टिकतो ती) एका पत्त्यावर आधी ९० लिहिलं, नंतर तिथेच ६० लिहिलं आणि वाचून पाहिलं तर २४ आलं. चिप डुप्लिकेट निघाली का, ही तुमची शंका. चिप ठणठणीत आहे. ९० आणि ६० बायनरीत एकाखाली एक मांडा: ०१०११०१० आणि ००११११००. दोन्हीकडे १ असेल तिथेच १ ठेवा. उत्तर ०००११०००, म्हणजे २४.

फ्लॅशमध्ये लिहिणं म्हणजे १ चा ० करणं, बस. पूर्वी एसटीचे कंडक्टर तिकिटाला पंच मारायचे, ते आठवा. भोक पाडता येतं, बुजवता येत नाही. पुसलेली चिप म्हणजे कोरं तिकीट, सगळे बिट १. म्हणून तिथे प्रत्येक बाइट २५५ दिसतो.

प्रत्येक बिटमागे एक ट्रान्झिस्टर असतो आणि त्याच्या पोटात चहूबाजूंनी ऑक्साइडने वेढलेलं एक गेट (फ्लोटिंग गेट). लिहिताना त्यात इलेक्ट्रॉन कोंडतात. मग तो ट्रान्झिस्टर सहज चालू होत नाही आणि त्याचं वाचन ० येतं. पुसताना हेच इलेक्ट्रॉन बाहेर ओढायचे असतात. खालचा ऑक्साइडचा थर साधारण १० नॅनोमीटरचा. चिपमधला चार्ज पंप तुमच्या ३.३ व्होल्टमधून बराच मोठा व्होल्टेज तयार करतो, आणि त्या ताणाखाली इलेक्ट्रॉन थरातून आरपार निघून जातात (टनेलिंग). हा व्होल्टेज एकेका ट्रान्झिस्टरला नाही, तर ते सगळे ज्या सिलिकॉनवर बसलेत त्या सामायिक जमिनीला मिळतो. म्हणून पुसलं तर सगळ्यांचंच पुसलं जातं.

हा दोष नाही, ठरवून केलेला सौदा आहे. जुन्या ईईप्रॉममध्ये (विजेने पुसता येणारी आधीची मेमरी) एकेक बाइट पुसता यायचा, पण त्यासाठी प्रत्येक सेलला (एक बिट साठवणारा कप्पा) निवडीचा वेगळा ट्रान्झिस्टर लागायचा आणि जागा खायचा. तोशिबातल्या फुजिओ मासुओकांनी तो काढून टाकला आणि १९८४ साली फ्लॅश जगासमोर मांडली. एका झटक्यात पुसणं पाहून त्यांचे सहकारी शोजी आरिइझुमी यांना कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला, आणि नाव पडलं. तुमची ८ एमबीची चिप इतकी स्वस्त मिळते ती याच सौद्यामुळे.

तुमच्या चिपमध्ये सर्वात लहान पुसण्याजोगा तुकडा, म्हणजे सेक्टर, ४ केबीचा. त्याला साधारण ४५ मिलिसेकंद लागतात, डेटाशीट मात्र ४०० पर्यंतची मुभा घेते. इतका वेळ का? कारण नॉर फ्लॅश (तुमची चिप याच प्रकारची) थेट पुसत नाही. आधी सगळे बिट ० करते. तसं न केलं तर आधीच १ असलेल्या सेलमधून जास्तीचे इलेक्ट्रॉन निघतील, तो सेल निवडलेला नसतानाही करंट गळू देईल आणि वाचनाच्या त्याच सामायिक तारेवरच्या शेजाऱ्यांचं वाचन बिघडवेल. मग पुसण्याचा पल्स, मग तपासणी, कमी पडलं तर पुन्हा पल्स. चिप म्हातारी होते तसे ऑक्साइडमध्ये इलेक्ट्रॉन अडकून राहतात आणि पुसायला वेळ वाढत जातो.

आता माझा गाढवपणा सांगतो. एका पंपाच्या पॅनेलसाठी मी तास मोजणारा काउंटर केला होता. दर मिनिटाला तोच सेक्टर पुसून नवा आकडा लिहायचो. या चिपची हमी सेक्टरमागे १ लाख वेळा पुसण्याची. दिवसाला १४४० मिनिटं, म्हणजे ६९ दिवसांत हमी संपली! हे गणित मी पॅनेल बसवून झाल्यावर केलं.

नंतर १६ बाइटची नोंद ठरवली आणि नव्या नोंदी जुन्यांच्या खाली लिहीत गेलो. ४ केबीत २५६ नोंदी बसतात, सेक्टर भरला की मगच पुसायचा. तेच गणित आता एका सेक्टरवर ४८ वर्षांच्या पुढे जातं. मी दोन सेक्टर आलटून पालटून वापरतो, कारण पुसताना वीज गेली (आमच्याकडे जातेच) तर अर्धवट पुसलेला सेक्टर वरवर २५५ दाखवतो आणि पुढच्या वाचनाला वेगळंच बोलतो. म्हणून नव्या सेक्टरमध्ये पहिली नोंद पूर्ण लिहून, वाचून पडताळल्याशिवाय जुन्याला हात लावायचा नाही.

तुमच्या कोडमध्ये आणखी एक गोष्ट बघा: पुसण्याच्या आणि लिहिण्याच्या प्रत्येक कमांडआधी राइट इनेबल (बदल करायची परवानगी देणारी कमांड) पाठवावं लागतं, एकदाच पाठवून भागत नाही. आणि पुसायची कमांड दिल्यावर ५० मिलिसेकंदांचा डिले टाकून पुढे जाऊ नका. स्टेटस रजिस्टरचा (चिप काय करतेय ते सांगणारा बाइट) बिझी बिट ० होईपर्यंत विचारत राहा. नव्या चिपवर डिले चालून जातो, दोन वर्षांनी चालेलच असं नाही.