दिल्लीची मॉडिफाय केलेली थार सव्वासहा लाखांत मिळतेय, घ्यावी का?

प्रश्न : मी कराडला शिक्षक आहे. हातात पगार 62 हजार येतो, घरखर्च 42 हजार. दिल्ली पासिंगची 2018 ची डिझेल थार सव्वासहा लाखांत मिळते आहे. मोठे टायर, उंच केलेलं सस्पेन्शन, लोखंडी बंपर आणि मिलिटरी हिरवा रंग, सगळं करून तयार. तशीच एमएच पासिंगची इकडे साडेसात लाखांना आहे. चार लाखांच्या एफडीतून सव्वातीन लाख काढून वर तीन लाखांचं पर्सनल लोन घ्यावं, असा विचार आहे. योग्य ठरेल का?

उत्तर : सर, ही गाडी आहे त्या अवस्थेत घेऊ नका. सव्वा लाख वाचतील असं तुम्हाला वाटतंय, पण ते वाचणार नाहीत.

आधी रंगाचं बघू. आरसीवर लिहिलेला रंग बदलायचा तर आरटीओची नोंद लागते, आणि ती एरवी मिळतेही. ऑलिव्ह ग्रीन मात्र केंद्रीय मोटार वाहन नियम 121 प्रमाणे फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना चालतो. म्हणजे पूर्ण गाडी पुन्हा रंगवणं आलं. चांगल्या कामाला साठ-सत्तर हजार धरा.

बाकीच्या बदलांना मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. कलम 182अ प्रमाणे अशा प्रत्येक बदलामागे मालकाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. विकणारा "तिकडे कोणी अडवलं नाही" म्हणेल. रस्त्यावर नसेलही अडवलं. पण एमएचच्या नवीन नंबरासाठी गाडी आरटीओच्या मैदानावर प्रत्यक्ष दाखवावी लागते. मी एका अशिलाबरोबर तिथे उभा होतो. निरीक्षकांच्या एका हातात आरसी, तिच्यावर रंग पांढरा, आणि समोर काळी गाडी. त्यांनी फक्त मान हलवली. पुढचे अडीच महिने गाडी गॅरेजमध्ये आणि हप्ता मात्र चालू. तो माणूस रोज एसटीने कामावर जायचा, हे मला अजून टोचतं.

आता कराचं. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या खासगी डिझेल गाडीला एकरकमी कर 13 टक्के आहे. परराज्यातून आलेल्या जुन्या गाडीला तो वयाप्रमाणे कमी होतो, तरी रक्कम किरकोळ नसते. नेमका आकडा सौदा करण्याआधी आरटीओतून काढून आणा. दिल्लीत भरलेल्या कराचा परतावा मिळेल असं हिशेबात धरू नका. कार कॅरियरचं भाडं, मूळ टायर-रिम आणि बंपर परत बसवणं, तुमची दिल्लीवारी हे वेगळंच. सव्वा लाख इथेच संपले.

मला जास्त काळजी तुमच्या एफडीची आहे. सव्वातीन लाख काढल्यावर उरतात 75 हजार, म्हणजे दोन महिन्यांचा घरखर्चही नाही. तीन लाखांचं लोन 14 टक्क्यांनी चार वर्षांसाठी घेतलं तर हप्ता 8,200 च्या आसपास, आणि व्याजच सुमारे 93 हजार. म्हणजे गाडी दारात येईल आणि कर भरायच्या दिवशी हात रिकामे असतील.

विम्याचंही बघा. पॉलिसी 14 दिवसांत स्वतःच्या नावावर करायला अर्ज करावा लागतो, नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जुन्या मालकाकडेच राहतो, आणि न कळवलेल्या बदलांवरून कंपनी क्लेम अडवू शकते.

"वर्षभर दिल्लीच्याच नंबरावर चालवा" असा सल्ला कोणी देईल. बारा महिन्यांची मुदत नवीन नंबर घेण्यासाठी आहे. मालकी बदल कळवायला तुम्हाला 30 दिवसच मिळतात.

मन याच गाडीवर बसलं असेल तर सौदा उलटा बांधा. मूळ रंग, मूळ टायर, मूळ बंपर, सस्पेन्शन पूर्ववत, हे सगळं विकणाऱ्याने स्वतःच्या खर्चाने करून द्यायचं. फॉर्म 28 वरची एनओसी, म्हणजे तिकडच्या आरटीओचा ना हरकत दाखला, त्यानेच काढायची. तोवर तुमच्याकडून अकरा हजारांचं टोकन, तेही लेखी पावतीवर. चेसिस नंबरची, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या नंबरची, पेन्सिल प्रिंट आधी मागा. अशा गाड्यांच्या चेसिसवर कधीकधी जाड कोटिंग मारलेलं असतं. कागद ठेवून पेन्सिल घासली तर सगळे आकडे उमटले पाहिजेत. एकही पुसट असेल तर पुढे जाऊ नका.

मला विचाराल तर चौदा महिने थांबा. दरमहा उरणारे 20 हजार बाजूला टाकले की 2.80 लाख होतात. एफडीतले अडीच लाख, म्हणजे सहा महिन्यांचा घरखर्च, हलवायचे नाहीत. वरचे दीड लाख त्यात घाला, 4.30 लाख झाले. उरलेल्या 3.20 लाखांसाठी बँकेचं जुन्या गाडीचं कर्ज बघा. एमएच पासिंगच्या, काहीही न बदललेल्या गाडीला ते मिळणं सोपं असतं, आणि व्याजही बहुधा पर्सनल लोनपेक्षा कमी पडतं.

विकणाऱ्याला आजच फोन करून पेन्सिल प्रिंट आणि एनओसीचं विचारा. "आधी पूर्ण पैसे पाठवा" असं उत्तर आलं तर एफडी मोडायला बँकेत जाऊ नका.