मत्स्यटाकीसाठी हीटर किती वॅटचा घ्यावा

आपल्या खानदेशात मे महिन्यात पाणी आपोआप तापते, म्हणून हीटरची गरजच नाही असे नवख्यांना वाटते; परंतु डिसेंबर-जानेवारीत जळगाव-धुळ्याकडे रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हा २५-२६ अंशांत राहणारे मासे सुस्तावतात आणि अंगावर पांढरे ठिपके दिसू लागतात.

प्रथम पाणी मोजा. लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये गुणून १००० ने भागल्यास लिटर मिळतात. ६०×३०×३० ची टाकी ५४ लिटरची, पण खडी व वरची मोकळी जागा वजा जाता पाणी साधारण ४५ लिटरच भरते. लिटरमागे एक वॅट हा प्रचलित हिशेब खोली फार थंड नसेल तरच पुरतो. खरा प्रश्न खोली आणि पाणी यांच्या तापमानातील फरकाचा आहे. पत्र्याच्या घरात तो १० अंशांहून अधिक होत असेल, तर याच टाकीला मी ५० नव्हे, १०० वॅटचा हीटर सुचवेन, आणि झाकण अवश्य ठेवा.

मात्र लहान टाकीत ३०० वॅटचा हीटर कधीही लावू नये, कारण थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला हीटर आपोआप चालू-बंद करणारा भाग) अडकला तर पाणी थोड्याच वेळात जीवघेणे तापते. मोठ्या टाकीत दोन मध्यम हीटर दोन टोकांना लावावेत. पाणी बदलण्यापूर्वी हीटर बंद करून दहा-पंधरा मिनिटे थांबा.