नववा महिना आणि एरंडेल

प्रश्न : माझी लेक दुसऱ्या बाळंतपणासाठी माहेरी आली असून तिला नुकताच नववा महिना लागला आहे. पहिल्या वेळी सिझेरियन करावे लागले होते. या खेपेला कळा वेळेवर याव्यात म्हणून गरम दुधातून एरंडेल द्यावे, असा माझ्या सासूबाईंचा आग्रह आहे. त्यांची स्वतःची पाचही बाळंतपणे घरीच झाली. शतावरी कल्प चालू आहे, बाळंतकाढाही आणून ठेवला आहे. हे सगळे झाडपाल्याचेच असल्यामुळे अपाय होणार नाही ना?
— एक वाचक, संगमेश्वर

उत्तर : एरंडेल मुळीच देऊ नका, हे सर्वांत आधी सांगते. सासूबाईंचा अनुभव खोटा नाही. एरंडेलाने कळा सुरू होऊ शकतात, आणि तुमच्या लेकीच्या बाबतीत नेमके तेच धोक्याचे आहे. या तेलापासून पोटात रिसिनोलेइक आम्ल सुटते आणि ते आतड्यांप्रमाणेच गर्भाशयाच्या स्नायूंनाही आकुंचन पावायला लावते, हे २०१२ साली उंदरांवरील प्रयोगांतून दिसले आहे. सिझेरियन झालेल्या गर्भाशयावर जुना व्रण असतो. कळा एकाएकी जोराच्या आल्या तर तो उसवू शकतो. असे क्वचितच घडते, परंतु घडले तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतते. रुग्णालयात कळांसाठी सलाइनमधून औषध देतात तेव्हा बाळाचे ठोके पाहत ते थेंबाथेंबाने वाढवता येते आणि गरज पडताच थांबवता येते. पोटात गेलेले एरंडेल थांबवता येत नाही. शिवाय जुलाबांनी अंगातले पाणी कमी झाले, तर ऐन कळांच्या वेळी तिच्यात त्राण उरणार नाही. तिने ते आधीच घेतले असेल, तर संकोच न करता डॉक्टरांना लगेच सांगा.

सिझेरियननंतर नैसर्गिक प्रसूती होऊच शकत नाही, असे नाही. पहिला छेद कसा घेतला होता, शस्त्रक्रिया कशामुळे करावी लागली आणि मध्ये किती काळ गेला, हे पाहून डॉक्टर ते ठरवतात. म्हणून जुने कागद घेऊन याच आठवड्यात त्यांना भेटा आणि तातडीची शस्त्रक्रिया व रक्त यांची सोय असलेले रुग्णालय निश्चित करून ठेवा.

शतावरी आपल्याकडे प्रामुख्याने दुधासाठी दिली जाते. कल्पात मात्र साखर पुष्कळ असते, त्यामुळे तपासणीत लेकीची साखर वाढलेली आढळली असेल तर तो बंद ठेवावा. बाळंतकाढा नावाप्रमाणेच बाळंतिणीसाठी आहे. असे अनेक काढे आसव-अरिष्टांसारखे आंबवलेले असतात आणि आंबताना त्यांत मद्यार्क तयार होतो. तेव्हा आत्ता तर तो नकोच, पुढेही बाटली डॉक्टरांना दाखवूनच द्यावा.

सासूबाईंशी बोलताना अळिवाची आठवण काढा. बाळंतिणीला आवर्जून द्यायचे अळीव गरोदरपणी द्यायचे नाहीत, हा नियम त्यांच्याच पिढीने आपल्याला शिकवला. तीच वस्तू एका वेळी चालते आणि दुसऱ्या वेळी चालत नाही, हे त्यांना कुणी वेगळे समजावण्याची गरज नाही. अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू प्रसूतीनंतर त्यांच्याच हातचे होऊ द्या.

तोवर लोहाची गोळी चुकवू नका. अंगावरून रक्त किंवा पाणी गेले, जुन्या टाक्यांपाशी सतत दुखू लागले किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर घरचा कोणताही उपाय न करता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.