25 दिसलं की थांबायचं

जून उजाडला की बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांचे पालक माझ्याकडे एकच प्रश्न घेऊन येतात. "मॅडम, ह्याला अठरा पूर्ण झाली. शाळेतनं नाव कमी केलं. आता घरीच बसवायचं का?" गेल्या आठवड्यात मिरजेच्या एका आईनं हेच विचारलं आणि वर म्हणाली, "ह्याला दहापर्यंतसुद्धा मोजता येत नाही हो. काम कोण देणार?" तिला मी एका मुलाची हकिगत सांगितली, तीच इथे लिहिते. त्याचं नाव आणि घरचे काही तपशील बदलले आहेत.

संदीप तासगाव तालुक्यातला. माझ्याकडे आला तेव्हा वीस वर्षांचा होता. मध्यम बौद्धिक अक्षमता, दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर 75 टक्के. विशेष शाळेत दहा वर्षं गेलेला आणि शाळा सुटल्यापासून दोन वर्षं घरी. त्या दोन वर्षांत वजन बरंच वाढलं होतं आणि शाळेत शिकलेली शर्टाची बटणं लावणं आता आईनं करायचं झालं होतं. मुलगा घरी बसला की शिकलेलं जागच्या जागी राहत नाही, ते निसटत जातं. हे मी इतक्या घरांत पाहिलंय, की "बघू पुढच्या वर्षी" म्हणणाऱ्या पालकांना मी आता सरळ सांगते, थांबू नका.

वडील दुसऱ्यांच्या द्राक्षबागांत फवारणीचा ट्रॅक्टर चालवायचे. त्यांनी पहिलंच विचारलं, "अपंगांना सरकारी नोकरीत 4 टक्के जागा असत्यात म्हणं. कुठंतरी शिपाई म्हणून?" माहिती खरी आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं ते आरक्षण दिलंय आणि त्यातला 1 टक्का बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता (ऑटिझम), मानसिक आजार अशांसाठी आहे. पण त्या जागेलाही शिक्षणाची अट असतेच. सौम्य अडचण असलेली मुलं मुक्त विद्यालयातून, गणित न घेता पाच विषय निवडून दहावी होतात, त्यांना मी आवर्जून तिकडे पाठवते. संदीपला स्वतःचं नाव लिहिता येत होतं, तेही बघून. त्याला दहावीच्या मागे लावणं म्हणजे आणखी पाच वर्षं नापास करणं झालं असतं. वडिलांना हे सांगताना मलाही जड गेलं. ते बराच वेळ टोपी हातात फिरवत बसले.

मग मी विचारलं, "घरात तो आपणहून काय करतो?"

"काय करतोय? काहीच नाही," वडील म्हणाले.

आई थांबली आणि म्हणाली, "गहू निवडायला बसले की माझ्याजवळ येऊन बसतो. मला दिसत नाहीत ते खडे काढतो. उठ म्हटलं तरी उठत नाही."

इथून आमचं काम सुरू झालं. तासगाव म्हणजे बेदाण्याचं गाव. काड्या वेगळ्या करायच्या, काळा दाणा बाजूला काढायचा, हे काम शेकडो बायका करतात. ओळखीच्या एका शेडमालकांना मी विचारलं आणि ते तयार झाले. वडील मात्र अडून बसले. "लोक म्हणतील, असलं पोर हाय आणि त्याला मजुरीला लावलं." मी त्यांना एवढंच विचारलं, की तुम्ही त्याच्या वयाचे असताना काय करत होता? तर म्हणाले, "बागेत मजुरीच." त्यावर मी पुढे काही बोलले नाही. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला.

निवडणीत संदीप हळू होता, पण चोख होता. अडचण अशी की निवडणीचं काम हंगामापुरतं. पॅकिंग वर्षभर चालतं, कारण माल कोल्ड स्टोरेजमध्ये असतो. म्हणून त्याला पाव किलोची पाकिटं भरायला शिकवायचं ठरलं. आणि आकडे तर कळत नव्हते.

अशा मुलांना काम शिकवतो त्या आमच्या कार्यशाळेत मी इलेक्ट्रॉनिक काटा आणला आणि एका कार्डावर मोठ्या अक्षरात 250 छापून शेजारी चिकटवलं. काट्यावर तसंच दिसलं की थांबायचं. चार दिवस गेले, संदीप थांबेचना. माझी सहकारी त्याच्या खुर्चीत बसली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की काट्यावरचा 2 सरळ रेघांचा असतो आणि आमच्या कार्डावरचा 2 गोल वळणाचा. आपल्याला दोन्ही एकच दिसतात, कारण आपण आकडा वाचतो. तो चित्र जुळवत होता आणि चित्र खरोखरच जुळत नव्हतं. आम्ही काट्याच्या पडद्याचाच फोटो काढून लावला. त्या दुपारी त्याने पहिलं पाकीट बरोबर भरलं.

तरी एक पेच उरला. काटा 248 दाखवायचा, मग 251, मग 249. संदीप एक दाणा काढायचा, दोन घालायचा, पुन्हा एक काढायचा. तासाला पाच पाकिटं. शेवटी आम्ही शेवटच्या आकड्यावर काळी चिकटपट्टी लावली. आता दिसायचं फक्त 25. म्हणजे 250 पासून 259 पर्यंत काहीही चालेल, गिऱ्हाइकाला कमी कधीच जाणार नाही. मालकांना विचारलं, चार-पाच ग्रॅम जास्त जातील, चालेल का? ते म्हणाले, "घाईत बायकांच्या हातनंबी जातंय की तेवढं." संदीप तासाला पंचवीस पाकिटांवर आला.

मिरजेच्या आईला मी म्हटलं ते हेच. मोजता येत नाही हे खरं, पण ते मोजणं आपल्याला कामातून काढून टाकता येतं का, हे आधी बघायचं. पणत्या दहा-दहाच्या भरायच्या असतील तर फळीवर दहा गोल काढायचे, सगळे गोल भरले की खोकं बंद.

आता माझी चूक सांगते. काट्यासाठी मी महिनाभर तयारी केली आणि मधल्या सुट्टीचा विचारच केला नाही. पॅकिंगच्या तिसऱ्या दिवशी साडेअकराला संदीप उठला, पिशवी घेतली आणि निघून गेला. दोन तासांनी तो एसटी स्टँडवर सापडला. डबा खाऊन, बाकावर बसलेला. शाळेत साडेअकराला घंटा व्हायची, त्याच्या अंगात ती वेळ मुरली होती. निवडणीच्या दिवसांत आई बरोबर बसायची, ती साडेअकराला त्याला काहीतरी खायला द्यायची. पॅकिंगला तो एकटा होता. शेडमध्ये बायका दीडला जेवतात आणि हे त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. आईचे ते दोन तास कसे गेले असतील, याची जबाबदारी माझी आहे.

त्यानंतर आम्ही दोरीला सहा फोटो अडकवले. पिशवी ठेवणे, टोपी घालणे, पाकिटं, डबा, पुन्हा पाकिटं, एसटी. एक झालं की फोटो उलटा करायचा. साडेअकराला चहा-बिस्कीट मिळेल असं मालकांनी ठरवून दिलं. शेडमधल्या एका मावशींना त्याचं माणूस नेमलं, काही अडलं की त्यांच्याकडे जायचं. मावशी इतक्या मायेच्या, की त्याची पाकिटं त्याच बंद करून द्यायला लागल्या. त्यांना हात जोडून सांगावं लागलं, मावशी, तुमची माया कळते, पण त्याचं काम त्याला करू द्या. माझ्या अनुभवात अशा मुलांची कामं हात चालत नाहीत म्हणून फार कमी वेळा सुटतात. संडास कुठे आहे ते न सांगितल्यामुळे, बस चुकल्यावर काय करायचं ते न शिकवल्यामुळे जास्त सुटतात.

मुलींना घेऊन येणारे पालक फारच थोडे. भीती खोटी नाही, मी ती उडवून लावत नाही. पण नको असलेला हात झटकून "नाही" ओरडायचं आणि ठरलेल्या माणसाला जाऊन सांगायचं, हे पाकिटं भरण्याइतकंच टप्प्याटप्प्याने शिकवता येतं, आणि घरी बसणाऱ्या मुलीलाही ते लागतंच.

पहिल्या पगाराच्या वेळी बँकेत खातं उघडायला गेल्यावर प्रश्न आला, सही कुणाची? अठरानंतर आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. संदीपच्या घरच्यांनी तो तेव्हा केला, तुम्ही अठरा होताच करा. "आमच्यानंतर ह्याचं कोण?" हा प्रश्न त्या अर्जाने सुटत नाही, पण त्यात पुढचा पालक कोण हे घरात उघडपणे बोलावं लागतं. नाशिकला रजनीताई लिमये यांनी, स्वतः अशाच एका मुलाच्या आई, 1977 मध्ये अशा मुलांसाठी प्रबोधिनी ही शाळा सुरू केली आणि मुलं मोठी होत गेली तशी शाळेच्या पुढे कार्यशाळाही उभी राहिली. पालकांनी ही वाट आधी चाललेली आहे.

संदीपला कामाला लागून आता तीन वर्षं झाली. एसटीने एकटा येतो-जातो, पास गळ्यात असतो. शर्टाची बटणं पुन्हा स्वतः लावतो, वरचं एक सोडून.

मिरजेच्या ताई, सोमवारी त्याला घेऊन या. दिव्यांगत्वाचं कार्ड आणा, शाळेचे अहवाल आणा. आणि तोवर एका वहीत लिहून ठेवा, दिवसभरात तो कुणी न सांगता काय काय करतो. डब्याचं झाकण घट्ट लावत असेल, तर तेही लिहा.