गाण्यांचं लेबल सुरू करा, स्टुडिओ आत्ता नको

प्रश्न : मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यातला, वय ३६. दिवाळी ते होळी आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन वाजवतो, बाकी वेळ चार एकर धानाची शेती. बायको अंगणवाडी सेविका, मुलगी दहावीत. वडील जिल्हा परिषदेतून निवृत्त झाले, त्यांचे ६ लाख बँकेत एफडीत आहेत. आमच्याकडची दंडार (इथला लोकनाट्याचा प्रकार), नाटकातली गाणी, आंबेडकर जयंतीची गाणी स्वतःच्या लेबलखाली, म्हणजे स्वतःच्या म्युझिक कंपनीच्या नावाने, काढायची आहेत. हे ६ लाख आणि सरकारच्या मुद्रा योजनेतलं ३ लाखांचं कर्ज, असे ९ लाख लावायचा विचार आहे. त्यातले साडेपाच लाख घरच्या खोलीत स्टुडिओ करायला लागतील. सध्या नागपुरात एका गाण्याचे मिक्सिंगसकट ८ हजार द्यावे लागतात, ते वाचतील. एक मित्र २ लाख द्यायला तयार आहे, पण त्याला अर्धी भागीदारी पाहिजे. मॅडम, करू का?

उत्तर : भाऊ, लेबल जरूर सुरू करा. स्टुडिओ आणि कर्ज मात्र आत्ता नको.

तुमचेच आकडे घेते. साडेपाच लाखांत नागपूरच्या दराने ६८ गाणी होतात. पहिल्या दोन वर्षांत तुम्ही फार तर वीस गाणी काढाल. मग खोली कोणासाठी बांधायची? भाड्याने देईन म्हणाल, तर तुमचं गिऱ्हाईक म्हणजे तुमच्यासारखेच कलावंत. मंडई, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावोगावच्या जत्रा, सुरू झाली की ते होळीपर्यंत रोज रात्री कुठल्या ना कुठल्या गावात प्रयोगाला, आणि रोवणीच्या दिवसांत बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात. मोकळे मिळतात ते एप्रिल-मे. दोन महिन्यांच्या कामासाठी बारा महिने एसी, माइक, कॉम्प्युटर सांभाळायचे, आणि त्यांची किंमत दरवर्षी उतरत जाणार. तेवढे दोन महिने नागपूरच्या स्टुडिओची तारीख घेणं कितीतरी स्वस्त पडेल.

आता कमाई. समजा, यूट्यूबवर हजार व्ह्यूजमागे ३० रुपये तुमच्या हातात पडले. हा आकडा फक्त हिशेबापुरता आहे, प्रत्यक्षात तो महिन्यागणिक बदलतो. तरी ९ लाख वसूल व्हायला ३ कोटी व्ह्यूज लागतील. आणि पैसे पहिल्या दिवसापासून येत नाहीत. जाहिरातींतला वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि मागच्या बारा महिन्यांत ४,००० तासांचा वॉच टाइम लागतो. त्यानंतरही खात्यात १०० डॉलर जमेपर्यंत रक्कम तुमच्याकडे येत नाही. अमेरिकेच्या कराचा फॉर्म भरायला विसरू नका. तो राहिला तर एकूण कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते. भरला तर फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून आलेल्या भागावर कर लागतो.

मुद्राला माझा विरोध आहे तो याच कारणाने. ३ लाख, पाच वर्षं, १२ टक्के व्याज धरलं तरी महिन्याला सुमारे ६,६७० रुपये हप्ता येतो. ऑगस्टमध्ये तुमचा पैसा बांधीत असतो, नाटकं बंद असतात, धानाचे चुकारे कधी येतील ते आपल्या हातात नसतं. असा हप्ता दोन-तीनदा शेतीच्या पैशातून गेला की मार्चअखेर सोसायटीचं पीककर्ज थकणार. वेळेत फेडलं तर ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे बिनव्याजी पडतं. ती सवलत घालवून गाण्यासाठी १२ टक्क्यांनी पैसा उचलणं मला कोणत्याच बाजूने पटत नाही. मुद्रा विनातारण मिळतं म्हणून ते सोपं वाटतं, पण हप्ता कोणालाच चुकत नाही.

आणखी एक, जरा स्पष्टच लिहिते. ते ६ लाख वडिलांचे आहेत. तुमच्या पत्रात त्यांचं मत कुठेच नाही. आधी त्यांच्याजवळ बसा. त्यांना साठ पूर्ण असतील तर त्यातले साडेतीन लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत त्यांच्याच नावाने ठेवा. सध्याच्या ८.२ टक्के दराने दर तिमाहीला ७,१७५ रुपये हातात येतील. दोन वर्षांनी मुलीच्या कॉलेजला कमी पडलं तर थोडी रक्कम कापून ती मुदतीआधी मोडताही येते. एक लाख दवाखान्यासाठी आणि अडीअडचणीसाठी बाजूला. उरले दीड लाख. वडील मनापासून हो म्हणाले तर ते लेबलसाठी घ्या, आणि गेले तरी घर हलणार नाही असं समजूनच घ्या.

दीड लाखात काय होईल? दहा गाणी नागपुरात रेकॉर्ड, ८० हजार. लिहिणारे, चाल देणारे, गाणारे यांना आगाऊ मानधन ३० हजार. गावातच साधे व्हिडिओ, २५ हजार. कागदपत्रं, वकील आणि गाणी सगळ्या ॲप्सवर चढवणारा डिस्ट्रिब्युटर, १५ हजार. हे दीड लाख वसूल व्हायला त्याच हिशेबाने ५० लाख व्ह्यूज लागतात. अवघडच आहे, पण दहा गाणी मिळून दोन-तीन वर्षांत होऊ शकेल असं हे अवघड आहे.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगते. लेबलची खरी मालमत्ता म्हणजे हक्कांचे कागद. ध्वनिमुद्रणासाठी जो पुढाकार आणि जबाबदारी घेतो तो कॉपीराइट कायद्याने त्याचा निर्माता, आणि त्या ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. तुमची मुलगी, तिची मुलं यांच्यापर्यंत पोचणारी ही गोष्ट आहे, माइक पोचणार नाही. पण शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे असतात, आणि ते लेखी घ्यावे लागतात. कराराच्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षांची धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर, करारात वेगळं ठरलं नसेल, तो परत जातो. रॉयल्टी, म्हणजे गाण्याच्या वापरामागे मिळणारा पैसा, किती, तेही त्यात लिहावं लागतं. नाटकातलं गाणं घेताना मंडळाच्या मालकाचा होकार पुरेसा समजू नका. नाटककाराने शब्द लिहिलेत, चाल दुसऱ्याने दिली असेल, तर दोघांच्या सह्या हव्यात.

‘दोन हजार घे आणि सगळे हक्क दे’ असं कोणाकडून लिहून घेऊ नका. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टीतला आपला समान वाटा सोडूनच देता येत नाही, वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला (कलावंतांसाठी रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेला) दिला तर गोष्ट वेगळी. गाणाऱ्यालाही व्यापारी वापरावर रॉयल्टीचा हक्क आहे. झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, झाडीपट्टीचं नाव देशभर झालं. तरी आपल्याकडे रात्रभर गाणाऱ्याचा आवाज दुसऱ्याच्या चॅनलवर फुकट वाजतो आणि त्याच्या हातात एका रात्रीच्या मानधनापलीकडे काही येत नाही. तुम्ही स्वतः त्या स्टेजवर बसता. तुमच्या लेबलने तरी हे करू नये. गीतकार-संगीतकारांना आयपीआरएस या त्यांच्या कॉपीराइट सोसायटीचे सभासद करून द्या. तुमच्यावरचा विश्वास त्याने वाढेल आणि पुढची चांगली गाणी आधी तुमच्याकडे येतील.

जयंतीच्या गाण्यांत एक खड्डा आहे. त्यातली बरीचशी हिंदी सिनेमाच्या चालींवर बांधलेली असतात. गावात स्टेजवर ते कोणी विचारत नाही, पण यूट्यूबची यंत्रणा चाल ओळखते आणि जाहिरातीचा पैसा मूळ मालकाकडे वळू शकतो, कधी गाणंच उतरतं. तेव्हा नव्या चाली बांधून घ्या. १४ एप्रिलला जे वाजायला पाहिजे ते मार्चच्या सुरुवातीला तयार हवं, म्हणजे ती दोन-तीन गाणी हंगामात एखादी सुट्टीची रात्र पाहूनच करावी लागतील. दंडारीतली परंपरागत गाणी त्या मानाने सुरक्षित, कारण शब्द-चाल कोणा एकाच्या मालकीची नाही. तुम्ही केलेलं रेकॉर्डिंग मात्र तुमचंच. फक्त दुसऱ्या कोणाची अलीकडची संगीताची जुळवणी जशीच्या तशी उचलू नका. दंडारीची गाणी मंडईच्या आधी बाहेर यायला हवीत, गावं तेव्हा ऐकायच्या मूडमध्ये असतात.

नोंदणीचं थोडक्यात. एकट्याच्या नावाने व्यवसाय सुरू करा, उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करा. ती मोफत आहे, कोणी पैसे मागितले तर देऊ नका. सेवा व्यवसायात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत आहे तोवर साधारणपणे जीएसटी लागत नाही. बँकेत खातं वेगळं ठेवा, धानाचे पैसे त्यात येऊ देऊ नका. नाव नोंदवायचं असेल तर ट्रेडमार्कची ऑनलाइन फी एकट्या व्यक्तीला एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे, पण ते पाच गाणी बाहेर आल्यावर केलं तरी चालेल. डिस्ट्रिब्युटर निवडताना वार्षिक फी थांबली तर गाणी उतरवतात का, ते आधी विचारा. सुरुवातीला फी न घेता कमाईतून टक्केवारी कापणारा बरा.

राहिला मित्र. त्याचे २ लाख अर्ध्या भागीदारीवर घेतलेत तर तुम्ही पुढे वीस वर्षं जे काही काढाल त्यात त्याचा अर्धा वाटा राहील, आणि भागीदारी फर्ममध्ये एकाने केलेल्या देण्याची जबाबदारी दोघांवर येते. त्याऐवजी त्याला सांगा, पाच गाण्यांचा खर्च तू कर. त्या पाच गाण्यांतून कलावंतांचा वाटा गेल्यावर जे उरेल त्यातून आधी तुझी रक्कम फिटेल, नंतर त्याच गाण्यांचा नफा अर्धा-अर्धा. रेकॉर्डिंगचा हक्क माझ्याकडे, हिशेब दर सहा महिन्यांनी लेखी. हे सगळं ५०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर घ्या, गाण्यांची नावं टाकून. एवढं ऐकून तो तयार झाला तर पैसे घ्या, नाही झाला तर त्या दीड लाखातल्या गाण्यांनीच सुरुवात करा, पण अर्धा वाटा देऊ नका.