पत्ता धरून चाल

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

तुझा आराखडा दोनदा वाचला. अमेरिकेतल्या एका मध्यम आकाराच्या शहरात किराण्याच्या साखळी दुकानांचा इतिहास शोधायचा, हा विषय मला मनापासून आवडला. महानगरांवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे आणि खेड्यांत साखळ्या पोचल्याच थोड्या. मधल्या शहरात मात्र सगळी उलथापालथ एका माणसाला दोन वर्षांत तपासता येईल एवढ्या आवाक्यात सापडते.

एक बदल मात्र कर. तू कंपनीनुसार प्रकरणं पाडली आहेस, आधी ए अँड पी, मग क्रोगर, मग सेफवे. त्याऐवजी पत्त्यानुसार काम कर. कंपनीचा इतिहास तिच्या मुख्यालयात लिहिला गेला. तुझ्या शहराचा इतिहास कोपऱ्याकोपऱ्यावर घडला. एका पत्त्यावर आधी कोण होतं, साखळी कधी आली, कधी गेली, नंतर तिथे काय झालं, हे सांगता आलं की कंपन्यांची गोष्ट त्यातून आपोआप उभी राहते.

सुरुवात सिटी डिरेक्टरीपासून, म्हणजे शहरातल्या रहिवाशांची आणि व्यवसायांची पत्त्यांसह छापलेल्या यादीपासून कर. मागच्या व्यवसायवार यादीत किरकोळ किराणा दुकानदार एकत्र मिळतात, आणि बऱ्याच डिरेक्टऱ्यांत रस्त्यांनुसारही यादी असते. दोन्ही ताडून बघ. माहिती घरोघर फिरून गोळा करत आणि अंक नंतर छापत, त्यामुळे डिरेक्टरीत दुकान पहिल्यांदा दिसलं ते वर्ष उघडण्याचं वर्ष असेलच असं नाही. माझ्या पहिल्या निबंधात मी तसं धरलं आणि अर्ध्या तारखा एकेका वर्षाने चुकल्या. उघडण्याची तारीख वर्तमानपत्रातून घे. साखळ्यांच्या मोठ्या जाहिराती आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी येत, बहुधा बुधवारी किंवा गुरुवारी, आणि कित्येकदा तळाशी सगळ्या शाखांचे पत्ते असत. आणि हो, शहराने घरक्रमांक कधी बदलले का, ते पहिल्याच आठवड्यात विचारून घे. नाहीतर एकच दुकान तुला दोन ठिकाणी दिसेल.

सॅनबॉर्न कंपनीचे अग्निविम्याचे नकाशे शेजारी ठेव; विमा कंपन्यांसाठी काढलेल्या या नकाशांत एकेक इमारत दाखवलेली असते. विटांची इमारत गुलाबी, लाकडी पिवळी. दुकानावर बहुतेकदा नुसता 'एस' (स्टोअर, म्हणजे दुकान) असतो, नाव नसतं. पण इमारतीचा आकार कळतो, आणि तोच आपल्याला हवा आहे. नकाशावर नंतर दुरुस्तीच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात, तेव्हा मूळ छपाईचं वर्ष बघून निष्कर्ष काढू नकोस.

आकार इतका महत्त्वाचा का, ते नीट सांगतो, कारण तुझ्या कामाचा गाभा मला इथेच दिसतो. १९१२ पासून ए अँड पीने रोखीची, घरपोच सेवा नसलेली छोटी दुकानं झपाट्याने काढली. १९३० च्या सुमारास त्यांची संख्या १६,००० च्या जवळ गेली. दरम्यान १९१६ मध्ये मेम्फिसला क्लॅरन्स साँडर्स यांनी पिगली विगली काढलं. तिथे गिऱ्हाईक स्वतः फळीवरून माल उचलू लागलं. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात मायकेल कलन यांनी एका जुन्या गॅरेजमध्ये किंग कलन उघडलं: मोठी जागा, कमी नफा, प्रचंड खप. मग साखळ्यांनी चार-पाच छोटी दुकानं मिटवून एक मोठं सुपरमार्केट काढायला सुरुवात केली. १९५० पर्यंत ए अँड पीची दुकानं ५,००० च्या खाली आली, विक्री मात्र १९३० च्या तुलनेत जवळपास तिप्पट झाली होती.

म्हणजे तुझ्या तक्त्यात दुकानांचा आकडा घसरलेला दिसला की "साखळी खालावली" असं लिहू नकोस. त्याच वर्षांत ती कदाचित सर्वांत जोरात असेल. बंद झालेल्या पत्त्यांची यादी कर आणि त्या काळात उघडलेलं मोठं दुकान कुठे आहे ते नकाशावर बघ. पायी जाण्याच्या अंतरावरचं दुकान गमावलेल्या वस्त्या कोणत्या आणि गाडी लावायला जागा असलेला रस्ता कोणता, हे तिथे उघड दिसेल. मला तुझ्याकडून हेच प्रकरण सगळ्यांत आधी वाचायचं आहे.

राज्याचा कायदाही तपास. इंडियानाने १९२९ मध्ये साखळी दुकानांवर चढता कर लावला: दुकानं जितकी जास्त, तितका प्रत्येक जादा दुकानामागे कर अधिक. १९३१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला आणि मग इतर राज्यांनीही तसे कायदे केले. दुकानागणिक कर बसला की छोटी दुकानं मिटवून एक मोठं काढणं आणखी फायद्याचं ठरतं. छोट्या दुकानदाराला वाचवायला आणलेल्या कराचा तुझ्या शहरात उलटा परिणाम झाला का, हे तुझे पत्तेच सांगतील.

पाटीवर मात्र भरवसा ठेवू नकोस. १९२६ मध्ये सुरू झालेल्या आयजीए या किराणा दुकानदारांच्या गटाची पाटी लावणारे दुकानदार स्वतंत्र मालक होते. खरेदी आणि जाहिरात तेवढी एकत्र. पिगली विगलीचे हक्क वेगवेगळ्या लोकांना विकलेले होते, आणि पुढे त्यातली काही दुकानं मोठ्या साखळ्यांनीच घेतली. मालक कोण, हे खरेदीखतात, भाडेकरारात आणि बांधकाम परवान्यात शोध.

इमारती बघायला स्वतः जा. लाल विटा, उतरतं छप्पर, वर छोटा मनोरा आणि वातकुक्कुट (वाऱ्याची दिशा दाखवणारा कोंबडा) दिसला, तर ती १९६० च्या आसपासची ए अँड पी असण्याची शक्यता मोठी. सॅन फ्रान्सिस्कोच्या मरीना भागात १९५९ मध्ये उघडलेल्या सेफवेसारखी कमानदार छपरं पुढे अनेक शहरांत उभी राहिली. आत आज चर्च असेल नाहीतर औषधाचं दुकान. फोटो काढ, पत्ता लिही, आणि शेजारच्या वयस्क माणसांशी बोल. गल्ल्यावर किंवा मांस विभागात काम केलेली माणसं आता फार उरली नाहीत, म्हणून मुलाखती शेवटी ठेवू नकोस. कागदपत्रं पुढच्या वर्षीही तिथेच असतील.

१९२५ ते १९४० चा पत्त्यांचा तक्ता झाला की जसा असेल तसा पाठव. रिकामे रकाने भरून टाकू नकोस, ते मला रिकामेच बघायचे आहेत.

तुझा,
सर