‘मोगलाई लागली का?’ यातील मोगलाई नेमकी कोणाची?

औरंगजेब औरंगाबादेत राहिला आणि खुलताबादेत पुरला गेला, म्हणून मराठवाड्यात बरेच जण ‘अंदाधुंदी’ या अर्थाच्या या शब्दाचा उगम थेट त्याच्या राजवटीत शोधतात. काही जण तो रझाकारांच्या, म्हणजे हैदराबादच्या निजामाच्या बाजूने लढणाऱ्या सशस्त्र संघटनेच्या, काळातला मानतात. माझ्या मते दुसरे मत टिकत नाही, कारण हा शब्द १९४७-४८ च्या धामधुमीपेक्षा कितीतरी जुना आहे.

हैदराबादचा पहिला निजाम मूळचा मोगलांचा दख्खनचा सुभेदार होता. १७२४ मध्ये तो व्यवहारात स्वतंत्र झाला, तरी नाण्यांवर बादशहाचे नाव १८५७ च्या उठावापर्यंत राहिले. त्यामुळे पेशवेकालीन पत्रांत निजामालाच सर्रास ‘मोगल’ म्हटलेले आढळते आणि त्याचा मुलूख ती मोगलाई. इंग्रजी अमलातील बार्शी-सोलापूरकडची माणसे ‘पोरगी मोगलाईत दिली’ म्हणत, तेव्हा त्यात तक्रार नसे, फक्त सासर हद्दीपलीकडे, उस्मानाबादेकडे आहे एवढाच अर्थ असे.

जहागीरदारांची मनमानी आणि पुढे रझाकारांचे अत्याचार यांनी या भौगोलिक शब्दाला अंदाधुंदीचा अर्थ घट्ट चिकटवला असावा. (गंमत म्हणजे ‘रझाकार’ याचा मूळ अर्थ स्वयंसेवक असा आहे.) १७ सप्टेंबर १९४८ रोजी तो मुलूख मुक्त झाला आणि शब्दाचा नकाशावरचा अर्थ हळूहळू पुसला गेला. आज परभणीच्या एसटी स्टँडवर कोणी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली, की मागची म्हातारी ‘काय रे, मोगलाई लागली का?’ असे खडसावते, तेव्हा तिच्या मनात ना औरंगजेब असतो ना निजाम.